इंग्रजीतलं हळदीकुंकू

मी खोटं बोलले नव्हते. गेलं वर्षभर स्वतःला हेच बजावत आलेय. मी फक्त इंग्रजीत बोलले होते. तुम्ही म्हणाल, बाई, यात फरक तो काय? तोच सांगायला बसलेय. सांगताना कान गरम होतात, पण पोटात ठेवूनही चैन पडत नाही.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि शाळेत गणित शिकवते. माहेर साताऱ्याकडं, उसाच्या पट्ट्यातलं. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे भावाच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव, पलटण आणि नंबर. बाकी शून्य. शाळा सेमी-इंग्लिश झाली तेव्हा मी कोन, त्रिज्या, समीकरण सगळं इंग्रजीत घोकून काढलं. फळ्यासमोर माझं इंग्रजी बरं चालायचं, पण फळा संपला की मी संपले. पालकसभेत एखादी आई इंग्रजीत सुरू झाली की मी ‘यस, यस, डेफिनेटली’ करत हजेरीपटात डोकं घालायची. पंचेचाळिशीची बाई, आणि घाम कशाचा फुटायचा, तर आठवीतल्या पोराच्या आईचा! स्वतःचाच असा राग यायचा म्हणून सांगू.

मग मागच्या गल्लीतल्या मॅडमनी बायकांसाठी शनिवारची बैठक सुरू केली. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी चार ते सहा, त्यांच्याच हॉलमध्ये. नवशिक्यांना प्रवेश नाही. वाचता येतं, लिहिता येतं, कळतं सगळं, पण तोंड उघडत नाही, अशांसाठी. मॅडमनी फोनवर दहा मिनिटं बोलायला लावलं आणि मला ‘ॲडव्हान्स्ड’ ठरवलं. ॲडव्हान्स्ड कसलं डोंबलाचं! तरी पण मी ते गल्लीभर सांगून आले.

मॅडमचं म्हणणं, व्याकरण पुष्कळ झालं, आता गप्पा मारा. कधी आम्ही सगळ्या मंडईत जायचो आणि परत येऊन कोण कसं घासाघीस करत होतं ते इंग्रजीत सांगायचो. कधी दोघींना पाठीला पाठ लावून बसवायच्या आणि फोनवर भांडायला लावायच्या. शेवटी महिन्यातून एकदा वादविवाद. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मराठी बंद. जिच्या तोंडून मराठी निसटेल तिनं सगळ्यांचा चहा करायचा. पहिले दोन महिने तो चहा मीच केला, कारण ठेच लागली तरी मी ‘आई गं’च म्हणायची.

आम्ही नऊ जणी होतो. त्यात एक विट्याची होती, तिच्या नवऱ्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. वर्षातले सहा महिने ती तिकडं राहायची आणि शेजारणींशी नुसती हसून दिवस काढायची, म्हणून इंग्रजी शिकत होती. आणि एक होती ‘ती’. तिचं नाव मी लिहिणार नाही. तेवढा तरी मान ठेवते.

ती माणदेशातली. विश्रामबागेतल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. नवरा फौजेत होता, पहाडात गाडी दरीत गेली आणि तो गेला. दोन पोरांच्या शिक्षणासाठी ती सांगलीत येऊन राहिली होती. तिचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतंच. छावणीत एका शेजारी तमिळ बाई, दुसऱ्या शेजारी नागा बाई, समोर पंजाबी. बोलायचं तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत. तशी शिकली. क्रियापदांची पार वाट लावायची, पण थांबायची नाही. हसत हसत, हात हलवत, समोरच्याला घेऊनच पुढं जायची. माझं एक वाक्य काळ-वचन तपासून बाहेर पडेपर्यंत हिची पाच झालेली. खरं सांगू? मला तिचा हेवा वाटायचा. मनातल्या मनात मी तिच्या चुका मोजायची आणि बरं वाटून घ्यायची.

आणि तीच बाई कोयनानगरच्या सहलीत माझ्या कामी आली. मॅडमनी अट घातली होती की गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत इंग्रजी. घाट लागला तसं माझं इंग्रजी आणि सकाळचे पोहे दोन्ही वर आले. गाडी कडेला घेतली. बाकीच्या लांब उभ्या राहून ‘ओ नो, ओ नो’ करत होत्या. ती खाली उतरली, पदर खोचला आणि मी ओकत असताना माझं कपाळ आपल्या तळहातात घट्ट धरून उभी राहिली. वर इंग्रजीतच म्हणाली, सगळं बाहेर येऊ दे, लाजू नकोस. परतीच्या वाटेवर ती माझ्याशेजारीच बसली. तेव्हापासून आम्ही दोघी बैठकीहून घरी जाताना कोपऱ्यापर्यंत बरोबर जायला लागलो.

तर डिसेंबरात वादविवादाची माझी पाळी आली. विषय होता, सोडून द्यावा असा एखादा रिवाज. आठवडाभर मी विचार केला. हुंड्यावर विट्याची बोलून गेली होती. मग वर्तमानपत्रात एका गावच्या ठरावाची बातमी दिसली, विधवांना कुंकू, बांगड्या, मान सगळं राहील अशी. म्हटलं, हे झकास आहे. यावर मजकूर भरपूर मिळेल आणि टाळ्याही पडतील. हो, टाळ्यांचा विचार मी केला होता. आता लपवून काय करू?

मी ते भाषण पाठ केलं. बेडरूमच्या आरशासमोर उभी राहून, हात कुठं उचलायचा, आवाज कुठं खाली आणायचा, सगळं ठरवून. बाहेर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या दारातनं म्हणाल्या, “लय जोरात बोलतीस गं, कुणाशी भांडतीस?”

“अभ्यास चाललाय, आत्या,” मी म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

माझ्या सासूबाई कवठ्याकडच्या, मी त्यांना आत्या म्हणते. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. आणि तुमच्या गळ्याची शपथ, ते भाषण लिहिताना, पाठ करताना, एकदाही, एकदाही त्या माझ्या डोक्यात आल्या नाहीत. भाषणातली विधवा वेगळीच होती. पांढऱ्या साडीतली, कोपऱ्यात बसलेली, कुठल्यातरी गावातली. माझ्या घरात मटार सोलणारी बाई त्यात बसतच नव्हती.

शनिवारी मी उभी राहिले आणि माझं मलाच नवल वाटलं. अडखळले नाही. इंग्रजीत मी म्हणाले, ज्या बाईनं नवरा गमावला तिचं कपाळही हिरावून घेणारे आपण कोण? म्हणाले, माझ्या घरात कुठलीही बाई पडद्यामागं बसणार नाही, माझ्या हातातलं कुंकू तिचा नवरा जिवंत आहे का असं विचारणार नाही. शेवटी शेवटी माझा आवाजही भरून आला, आणि तो ठरवलेल्या जागीच भरून आला. टाळ्या पडल्या. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

भाषणानंतर प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा अशी पद्धत होती. ती कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसली होती. भाषण चालू असताना तिच्याकडं बघायचं मी टाळलं होतं, कारण तिच्याकडं बघून मला ते जमलं नसतं. तिची पाळी आली तेव्हा ती नेहमीसारखी हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, “युवर हाउस आल्सो?”

“ऑफ कोर्स!” मी म्हणाले. एका दमात. इतकं सफाईदार ‘ऑफ कोर्स’ माझ्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना कोपऱ्यावर ती थांबली. उंबऱ्याबाहेर मराठी चालायची, पण आम्ही सवयीनं इंग्रजीच बोलायचो. ती म्हणाली, मला सहा वर्षांत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बोलावतात ते दुसऱ्या दिवशी, चहाला. वाण हातात देतात, गोड बोलतात. मी म्हणाले, हे किती भयंकर आहे! ‘हाउ टेरिबल.’ असं म्हणून मी तिचा हात दाबला. घरी आले ती तरंगतच आले.

जानेवारी उजाडला. मॅडमनी सुचवलं की या महिन्याचा उपक्रम म्हणून इंग्रजीतून हळदीकुंकू करू. उखाणे इंग्रजीत, तिळगूळ देताना बोलायचं तेही इंग्रजीत. सगळ्या खिदळायला लागल्या. कुणाकडं करायचं? माझा हॉल मोठा. मी लगेच हात वर केला. मॅडमनी ग्रुपवर निरोप टाकला, सगळ्यांनी यायचं. सगळ्यांमध्ये ती आलीच. तिनं खाली एक हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि मला वेगळा निरोप पाठवला, “थँक यू ताई.” मी वाचला आणि भाजीला फोडणी टाकायला गेले. माझ्या डोक्यात काही घंटा वाजली नाही बघा.

मग मी दुसरा शहाणपणा केला. गल्लीतल्या बायकांचं माझं हळदीकुंकू राहिलं होतं. दोनदा हॉल रिकामा करा, दोनदा सतरंज्या घाला, कोण करत बसणार? म्हटलं, एकाच दिवशी उरकू. पाच वाजता गल्लीतल्या पंधरा-वीस जणी आणि इंग्रजीच्या आठ. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या. सकाळपासून बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची पेरं सगळं चिरून, निवडून ठेवलं. साडेचारला सासूबाई आत स्वयंपाकघरात गेल्या आणि मसाला दुधाचं पातेलं गॅसवर चढवून तिथंच बसल्या. अकरा वर्षं त्या अशाच जायच्या. त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं. त्या आपणहून जातात, असं मी कायम स्वतःला सांगत आले होते.

बायका आल्या. हॉल काठापदराच्या साड्यांनी भरला. इंग्रजीवाल्या एका बाजूला बसल्या, पण त्यातल्या दोघी-तिघी गल्लीतल्या बायकांच्या ओळखीच्या निघाल्या आणि सगळी सरमिसळ झाली. विट्याचीनं उखाणा घेतला, त्यात तिनं नवऱ्याला ‘माय गोल्ड’ म्हटलं, आणि सगळा हॉल कोसळला. गल्लीतल्या आज्जी म्हणाल्या, “काय म्हणली गं? परत म्हण की!”

ती थोडी उशिरा आली. ड्यूटी संपवून घरी जाऊन, साडी बदलून. मोरपंखी रंगाची साडी, केसात अबोलीचा गजरा. छान दिसत होती. आणि मग माझं लक्ष तिच्या कपाळाकडं गेलं. रोज ती बारीकशी काळी टिकली लावायची. आज टिकली नव्हती. कपाळ धुऊन, पुसून, अगदी मोकळं ठेवून आली होती. माझ्या कुंकवासाठी.

तिला ‘ये, बस’ म्हणून मी घाईनं कोयरी आणायला वळले.

ती गल्लीतल्या दोन बायकांच्या मधोमध बसली. एक माझ्या समोरच्या घरातली, दुसरी तिची नवी सून, लग्न होऊन दोन महिने झालेली, पहिलं हळदीकुंकू. मी कोयरी घेऊन ओळीनं निघाले. हळद, कुंकू, मनगटाला अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, ओटी, गाळणी. एकेक बाई पुढं सरकत होती, आणि मी मोजत होते. पाच राहिल्या. चार राहिल्या. मनात एकच चाललेलं, आता काय करू, आता काय करू. समोरच्या घरातल्या बाई तिला ओळखत होत्या, तिचा नवरा नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मालकांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तीच कागदपत्रं करायला खिडकीत होती. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सुनेचा पदर जरासा आपल्याकडं ओढून घेतला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं मी स्वतःची समजूत काढताना कितीतरी जणींना दोष दिला. मला अडवलं कुणीच नव्हतं.

मी तिच्यासमोर पोचले. तिनं मान वर केली. डोळे मिटून घेतले, कुंकू लावून घेताना बायका घेतात तसे.

माझा अंगठा कुंकवात बुडवलेला होता. दोन बोटं अंतर. तेवढंच.

मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी, हसऱ्या चेहऱ्यानं, मॅडमनी त्याच महिन्यात घोटून घेतलेलं वाक्य म्हणाले. एखाद्याला गोडीत कामाला कसं लावायचं त्याचं वाक्य. “वुड यू माइंड हेल्पिंग मी इन द किचन?”

एका शब्दाची चूक नाही. उच्चारसुद्धा स्वच्छ.

तिनं डोळे उघडले. क्षणभर तिला कळलंच नसावं, कारण ती हसायला लागली होती. मग कळलं. ते कळताना मी बघितलं, आणि ते बघायला लागू नये म्हणून काहीही दिलं असतं. ती उठली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मॅडम समोर बसल्या होत्या, सगळ्या इंग्रजीवाल्या ऐकत होत्या, आणि ती सरळ मराठीत, तिच्या माणदेशी मराठीत म्हणाली, “व्हय ताई, जाते की.”

आणि आत गेली. तिच्या रिकाम्या जागेवरनं मी त्या नव्या सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं. लावता लावता कुंकू तिच्या नाकावर सांडलं. नाकावर कुंकू सांडलं की नवऱ्याचं प्रेम असतं, म्हणून सगळ्या हसल्या. मीही हसले. हो, हसले. बाई किती निर्लज्ज असू शकते बघा.

दुधाचे पेले आणायला मी आत गेले तेव्हा दारातच माझे पाय थांबले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. ती ओट्याशी उभी राहून पेल्यांत दूध ओतत होती, गजरा काढून खिडकीत ठेवलेला. सासूबाई तिला विचारत होत्या, अगदी साधेपणानं, कुठल्या गावची असं विचारावं तसं, “तुला बी आत पाठीवलं व्हय?”

“व्हय आत्या,” ती म्हणाली. “दूध वतू का अजून?”

“वत. वेलदोडा टाक जरा. आन बस हितं माझ्याजवळ, पाय दुखत असतील.”

मी ट्रे उचलला आणि बाहेर आले. दोघींपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. दूध वाटलं. सगळ्यांनी वा वा केली. ती मागच्या दारानं कधी गेली मला समजलं नाही. तिच्या वाटची गाळणी आणि तिळगूळ ताटात राहिले.

सगळ्या गेल्यावर मी सतरंज्या झटकत होते. सासूबाई पेले विसळून बाहेर आल्या. मला कुणावर तरी ढकलायचंच होतं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, “आत्या, मी तिला कुंकू लावलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? खरं सांगा.”

त्या खुर्चीवर टेकल्या. गुडघे चोळायला लागल्या.

“चालायचं-न चालायचं,” त्या म्हणाल्या. “मला इतक्या वर्सांत कवा कुणी इचारलंय?”

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. पुढं म्हणाल्या, “पोरगी लय गुणाची हाय. तिला परत बोलीव. पण दुसऱ्या दिवशी च्याला बोलवू नगंस.”

मी सतरंजीची घडी घालत राहिले. चारदा घातली, चारदा मोडली. त्याच वेळी, तिथंच, देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन मी निदान सासूबाईंच्या या एका कपाळाला लावायला हवं होतं. हात आखडला तो आखडलाच. उद्या लावू, सणाला लावू, असं म्हणत ती गोष्ट अजून तशीच राहिलीय. याचीही लाज वाटते, आणि ती लाज रोज एका ताटात जेवते माझ्याबरोबर.

पुढच्या शनिवारी ती बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मॅडमनी फोन केला तर म्हणाली, ड्यूटी बदललीय. मॅडमनी मला काही विचारलं नाही. फक्त त्या दिवशी वादविवाद ठेवला नाही, मंडईतल्या भाज्यांवर बोलायला लावलं. विट्याची मला जिन्यात म्हणाली, “तुमी असं का केलंसा वं?” मी म्हणाले, गल्लीतल्या बायका होत्या ना. ती म्हणाली, “मग? त्या काय खाणार हुत्या तुमाला?” आणि चपला घालून निघून गेली.

पंधरा दिवस मी माफीची तयारी केली. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली. हो, इंग्रजीत. मी फार चुकले, माझ्या भ्याडपणाची मला शरम वाटते, तू मला क्षमा करशील अशी आशा बाळगण्याचाही मला अधिकार नाही. वाचून पाहिली तर डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्याच वाक्यांवर डोळ्यांत पाणी आणणारी बाई मी!

एका दुपारी शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. खिडकीत ती होती. कपाळाला काळी टिकली. पुढं चार-पाच माणसं. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तशी तिनं कॉम्प्युटरवरनं मान वर केली, मला बघितलं, चेहरा काही बदलला नाही.

“बोला ताई.”

मी बोलले. सगळं बोलले, शिकून आले होते तसं, इंग्रजीत, कुठंही न अडखळता. माझ्यामागं रांगेतली माणसं बघायला लागली, एवढी ही बाई इंग्रजीत काय सांगतेय म्हणून. खोटं नाही सांगत, त्यांना कळत नाही याचा मला आधार वाटत होता.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, इंग्रजीत तुमी लय चांगलं बोलता. मागं बी चांगलंच बोलला हुता. म्या इस्वास ठिवला.” मग खिडकीच्या काचेला जरा जवळ आली. “आता मराठीत सांगा. मी ऐकते.”

मी तोंड उघडलं.

माझी मातृभाषा हो! ओव्या ऐकल्या, भांडणं केली, पोरं निजवली, बापाच्या मयताला रडले, सगळं हिच्यातच. आणि दोन शब्द जुळेनात. ‘माझं चुकलं’ एवढंही म्हणवेना. कारण ते म्हटलं असतं तर मग पुढचंही म्हणावं लागलं असतं, चल माझ्या घरी, गल्लीतल्या बायकांसमोर, आज. मराठीत म्हटलेलं करावं लागतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मागचा म्हातारा खोकला. कुणीतरी म्हणालं, आवं बाई, आटपा की. तिची नजर हलली नाही. ती खरंच वाट बघत होती.

“जेवलीस का?” मी विचारलं.

 तिनं पेन उचललं.

“जेवले ताई,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरनं मागं बघून तिनं पुढच्या माणसाला बोलावलं.